शब्दांचें ओझें व शब्दांची ओळख

पूर्वीं आमच्या घरांतून पहाटेच्या वेळीं रूपावली आणि अमरकोश ऐकूं येत असे. हल्लीं त्याच घरांतून, जवळजवळ त्याच सुरांत, इंग्रजी शब्दांच्या याद्या ऐकूं येतात. ‘अबेट म्हणजे कमी होणें, अ‍ॅबरंट म्हणजे वाट सोडलेला, अबेयन्स म्हणजे तहकुबी.’ बारावीनंतर चांगल्या कॉलेजांत जावयाचें तर बहुतेक ठिकाणीं प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आणि ज्या परीक्षांत इंग्रजीची कसोटी असते त्यांची धास्ती मराठी शाळेंतून आलेल्या मुलांना, व त्यांच्याहूनहि अधिक त्यांच्या आईबापांना, वाटत असते. या धास्तीपायीं मुलांच्या माथीं शब्दांचें जें ओझें आपण लादतों त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत बरेच दिवस घोळत होतें. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें शिक्षकी पेशा पत्करला आणि तीसांवर वर्षें पनवेल तालुक्यांत संस्कृत व इंग्रजी शिकवून निवृत्त झालों. तेव्हां या बाबतींत आमच्या हातून घडलेली एक चूकहि येथें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची नात गेल्या वर्षीं बारावींत होती. कायद्याचें शिक्षण घ्यावें असें तिच्या मनानें घेतलें. राष्ट्रीय विधि विद्यापीठांतील पांच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं ‘क्लॅट’ नांवाची परीक्षा २००८ सालापासून घेतली जाते. आपल्या राज्यांतील मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विधि विद्यापीठांचा प्रवेशहि तिच्यावरच अवलंबून असतो. पोर रोज पनवेलहून लोकलनें वाशीला शिकवणीसाठीं जाई, आणि येतां-जातां गाडींत वही उघडून शब्द घोकी. श्रावणांत एके दिवशीं सायंकाळीं ती आमच्यापुढें येऊन बसली व म्हणाली, “आजोबा, बाराशें शब्द पाठ झाले; पण सराव-परीक्षेंत गुण होते तेवढेच आहेत. मला हें जमायचें नाहीं. मी फॉर्मच भरीत नाहीं.”

घरांत लगेच दोन तट पडले. तिच्या आजीचें म्हणणें, मराठी शाळेंत घातली तेथेंच चुकलें. वडिलांचें म्हणणें, शिकवणी बदलावी. चार पैसे अधिक गेले तरी चालतील. आमच्या घरांतून मात्र एवढेंच विचारणें झालें, “तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत ना? मग पोरीची वही तरी एकदां उघडून बघा.”

वही उघडली. शब्द सारे वर्णानुक्रमानें मांडलेले, समोर एकेक मराठी अर्थ. अक्षर मोत्यासारखें. आम्हीं विचारलें, “अबेयन्स?” तिनें तत्काळ उत्तर दिलें, “तहकुबी.” “आतां हा शब्द घालून एक वाक्य सांग पाहूं.” ती गप्प राहिली. आणखी आठ-दहा शब्द विचारले; अर्थ सर्वांचा येत होता, वाक्य एकाचेंहि येत नव्हतें. मग तिच्या प्रश्नपत्रिका मागवून आम्हीं त्या चष्मा लावून वाचल्या, आणि खरें दुखणें कोठें आहे तें ध्यानांत आलें.

या परीक्षेचें स्वरूप २०२० सालींच पालटलें आहे. त्यापूर्वीं नुसता शब्द देऊन त्याचा समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द विचारीत. आतां सुमारें ४५० शब्दांचा उतारा देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. दोन तासांत १२० प्रश्न. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. त्यांपैकीं इंग्रजीचे प्रश्न २२ ते २६. परंतु कायदा, तर्क, चालू घडामोडी, फार काय गणितसुद्धां, इंग्रजी उताऱ्यांतूनच विचारतात. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारलाच तर त्या उताऱ्यांत, त्या जागीं, तो कोणत्या अर्थानें आला आहे हें विचारतात. म्हणजे पोर ज्या परीक्षेची तयारी करीत होती ती परीक्षा केव्हांच बंद पडली होती!

हा पालट आपल्याकडेच झाला असें नाहीं. अमेरिकेंत कॉलेजप्रवेशासाठीं ‘सॅट’ नांवाची परीक्षा १९२६ पासून आहे. दुर्मिळ शब्दांच्या पाठांतराबद्दल ती जगभर प्रसिद्ध होती. तिच्यांतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ सालीं गेले, शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न २००५ सालीं गेले, आणि २०१६ सालीं, क्वचित् कोणी वापरील अशा शब्दांनीं रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्नहि काढून टाकण्यांत आले. आपल्याकडील एन. डी. ए.च्या परीक्षेंत किंवा केंद्रीय विद्यापीठांसाठीं २०२२ पासून सुरू झालेल्या ‘सीयूईटी’ परीक्षेंत समानार्थी व विरुद्धार्थी शब्द अद्यापि विचारतात हें खरें. सारांश, शब्दसंपत्ति पाहिजेच. ती कोणत्या मार्गानें जोडावी, एवढाच वादाचा प्रश्न.

आतां आमच्या चुकीविषयीं. बरींच वर्षें झालीं. आमच्या वर्गांत एक अतिशय मेहनती विद्यार्थी होता. त्याला सैन्यांत अधिकारी व्हावयाचें होतें. खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेंत ९०० गुणांपैकीं २०० गुण इंग्रजीचे असतात. तो सल्ला विचारावयास आला तेव्हां आम्हीं त्याच्या हातीं शब्दकोश दिला आणि ‘रोज तीस शब्द, प्रत्येक दहा वेळां लिहून काढ’ असें फर्मावलें. त्यानें तें वर्षभर अक्षरशः पाळलें. लेखी परीक्षेंत तो नापास झाला, दुसऱ्यांदाहि झाला, आणि वय उलटून गेलें. निकालाच्या दिवशीं तो आमच्याकडे आला व म्हणाला, “सर, शब्द सगळे मला येत होते. पण वाक्यांत आले तेव्हां ओळखूंच आले नाहींत.” आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘नशीब’ असें म्हटलें. दोष नशिबाचा नसून आमच्या शिकवण्याचा होता, हें नातीची वही पाहतांना आम्हांस कळून चुकलें.

वर्णानुक्रमाची यादी मनांत कां टिकत नाहीं याचें कारण उघड आहे. शेजारच्या दोन शब्दांत अक्षरांपलीकडे कांहींच नातें नसतें. उलट सारखीं दिसणारीं अक्षरें एकमेकांच्या अर्थावर कुरघोडी करतात. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन पंडितानें १८८५ सालीं स्वतःवर प्रयोग करून दाखविलें कीं निरर्थक अक्षरसमूह पाठ केले तर त्यांतील बराचसा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरला जातो. यादींतला शब्द हा मुलाच्या दृष्टीनें जवळजवळ तसाच निरर्थक असतो.

आमच्या पूर्वजांनीं अमरकोश पाठ केला, तो मग कसा टिकला? कारण अमरसिंहानें शब्द वर्णानुक्रमानें मांडलेच नाहींत. स्वर्ग, काल, भूमि, वनौषधि, मनुष्य असे वर्ग पाडून, एका अर्थाचे शब्द एके ठिकाणीं, छंदांत गुंफून त्यानें दिले. एका शब्दाचा हात धरून दुसरा येतो. इंग्रजींत अर्थानुसार मांडलेला रॉजे यांचा प्रसिद्ध कोश १८५२ सालीं निघाला. त्याच्या प्रस्तावनेंत अमरकोशाचा, आणि कोलब्रुक यांनीं केलेल्या व १८०८ सालीं श्रीरामपुरास छापलेल्या त्याच्या भाषांतराचा उल्लेख आहे. आम्हीं नातीस पहिलें काम हेंच सांगितलें: वहींतले बाराशें शब्द फोडून अर्थानुसार वर्ग पाड. स्तुतीचे एकीकडे, निंदेचे एकीकडे. हट्टाचे, भित्रेपणाचे, उधळेपणाचे निरनिराळे. वर्ग पाडतां पाडतांच निम्म्या शब्दांमधील सूक्ष्म भेद तिला आपोआप कळूं लागले.

दुसरें साधन म्हणजे धातु आणि उपसर्ग. हृ धातूला प्र, आ, सम्, वि, परि हे उपसर्ग लावले कीं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे वेगवेगळे अर्थ उभे राहतात, हें दहावीपर्यंत संस्कृत शिकलेल्या मुलाला ठाऊक असतें. वरच्या पायरीचे इंग्रजी शब्द बहुतांशीं लॅटिन व ग्रीक भाषांतून आलेले आहेत आणि त्यांची घडण हुबेहूब अशीच आहे. या भाषांचें संस्कृताशीं नातें आहे ही गोष्ट सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें मांडली, आणि पुढें भाषाशास्त्राची सारी इमारत तिच्यावर उभी राहिली. त्याचा उपयोग आमच्या मुलांनीं कां करून घेऊं नये?

उदाहरणार्थ, पाहणें या अर्थाचा लॅटिन ‘स्पेक्’ घ्या. संस्कृतांतील ‘पश्यति’ त्याच कुळांतला. हेराला संस्कृतांत ‘स्पश’ म्हणतात, तोहि त्यांतलाच, आणि इंग्रजीतला ‘स्पाय’सुद्धां. आतां ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आंत पाहणें, ‘रेट्रोस्पेक्ट’ म्हणजे मागें वळून पाहणें, आणि ‘सर्कम्स्पेक्ट’ म्हणजे चहूंकडे पाहून पाऊल टाकणारा, अर्थात् सावध. तसेंच ‘वाच्’चें लॅटिन भावंड ‘वोक्स’. ‘रिव्होक’ म्हणजे परत बोलावणें, म्हणून हुकूम रद्द करणें. ‘इक्विव्होकल’ म्हणजे दोन्हींकडे सारखाच ध्वनि निघणारें, म्हणून संदिग्ध. आणि ‘अ‍ॅडव्होकेट’ म्हणजे साहाय्यास बोलाविलेला. हें शेवटचें ऐकून आमची भावी वकीलीण खुद्कन हंसली. ‘व्होसिफेरस’ या शब्दांत तर वाच् आणि भृ या दोहोंचेहि सगेसोयरे एकत्र नांदतात: आवाज वाहून नेणारा, म्हणजे आरडाओरडा करणारा. ‘क्रेड्युलस’ म्हणजे भोळेपणानें विश्वास ठेवणारा. त्यांतील ‘क्रेड्’ आणि आपली ‘श्रद्धा’ यांचें मूळ एकच. व्यंजनापूर्वीं ‘अ’ आणि स्वरापूर्वीं ‘अन्’ हा अधर्म व अनादि या शब्दांतला नियम ग्रीकांतहि तसाच आहे. म्हणून एकीकडे ‘एथीइस्ट’ आणि दुसरीकडे ‘अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे अनामिक.

मात्र येथें दोन इशारे देणें अवश्य आहे. पहिला असा कीं नुसत्या ध्वनिसाम्यावर नातीं जोडूं नयेत. लॅटिन ‘देउस’ आणि आपला ‘देव’ हे खरोखर भाऊ. परंतु ग्रीक ‘थेऑस’ दिसण्यांत तसाच असून त्यांचा कोणी लागत नाहीं. ‘कॅलेंडर’ हा शब्द ‘कालांतर’पासून निघाला असें सांगणारे गृहस्थ प्रत्येक गांवांत भेटतात, तो लॅटिनांतील महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या नांवावरून आला आहे. दुसरा इशारा असा कीं व्युत्पत्तीपेक्षां रूढि बलवान्. चिखलांत जन्मलेलें सर्वच कांहीं पंकज होत नाहीं, कमळच होतें. ‘नाइस’ या शब्दाचें लॅटिन मूळ पाहावें तर अर्थ ‘अज्ञ’ असा निघतो! म्हणून धातूनें शब्दाची पहिली ओळख होते एवढेंच. स्नेह जमतो तो वाक्यांतच.

याकरितां तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें साधन म्हणजे वाचन. आमच्या वडिलांच्या पिढीनें तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजी शिकून घेतलें. त्यांना साहेबासारखें बोलतां येत नसेल; परंतु लिहिलेल्या वाक्यांत दोष काढावयास जागा नसे, कारण ते प्रत्येक शब्द वाक्यांतून शिकले. मोल्सवर्थ साहेबांनींहि १८३१ सालीं आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला तो आमच्या शास्त्रीमंडळींस विचारविचारून. शब्द लोकांच्या बोलण्यांत कसा येतो तें पाहून. नातीस आम्हीं नियम घालून दिला: रोज इंग्रजी वृत्तपत्रांतील एक अग्रलेख वाचावा. अडलेल्या शब्दाखालीं रेघ मारावी, परंतु कोश लगेच उघडूं नये. मागचें-पुढचें वाक्य पाहून अर्थाचा तर्क करावा, तो समासांत लिहावा, आणि मगच कोश पाहावा. तर्क चुकला तर तो शब्द जन्मांत विसरत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

किती शब्द यावेत, याचेंहि गणित मांडलें गेलें आहे. ढाक्यास अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनीं १९५३ सालीं नित्य लागणाऱ्या सुमारें २००० शब्दांची यादी छापली. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनीं २००० सालीं तिला विद्याविषयक लेखनांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची जोड दिली. या दोहोंनीं मिळून तशा लेखनांतील सुमारें ८६ टक्के शब्द ओळखीचे होतात, म्हणजे सातांतला एक परका राहतो. कोणाच्याहि मदतीशिवाय वृत्तपत्र किंवा कादंबरी वाचावयाची तर आठ-नऊ हजार शब्दकुलें लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ सालचा हिशेब आहे. पालकांनीं हे आंकडे नीट ध्यानांत घ्यावे. पहिला टप्पा बारावीच्या वर्षांत गांठतां येईल. दुसरा चार महिन्यांच्या शिकवणीनें गांठून देतों म्हणणारा तुमची फसवणूक करीत आहे. त्याला सातवी-आठवीपासूनचें वाचनच पाहिजे.

राहतां राहिली आवृत्ति. घोकंपट्टीला आम्हीं नांवें ठेवलीं याचा अर्थ पाठांतर टाकावें असा नव्हे. पाठशाळेंत गुरुजी संथा देत. ती त्याच दिवशीं अनेक वेळां म्हणावी लागे, दुसऱ्या दिवशीं पुन्हां, आणि पुढें ठराविक दिवसांनीं पुन्हां. विसरण्याच्या बेतांत असतांनाच उजळणी करावी, हेंच तत्त्व आतां मानसशास्त्रज्ञ सांगतात. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनीं १९७२ सालीं त्यासाठीं पत्त्यांची एक सोपी युक्ति सुचविली. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एका बाजूस शब्द, आणि मागें अर्थ व वाक्य. जो आठवला तो पुढच्या खणांत जातो आणि अधिक दिवसांनीं निघतो. जो चुकला तो पहिल्या खणांत परत येतो. आमच्या घरीं लग्नपत्रिकांचे जुने पुठ्ठे कापून असे पत्ते झाले. मिठाईचे रिकामे डबे हे खण. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं तिची आजीच पत्ते काढून बसे. इंग्रजी न येणारी बाई मराठी अर्थ वाची आणि नात शब्द सांगे. मराठी शाळेच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या आजीबाईंना मराठीचा हा उपयोग पाहून मौज वाटूं लागली.

मराठी शाळेमुळें मुलगी मागें पडली, ही समजूत आम्हांस पटत नाहीं. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तेव्हां तीच कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. दोघांच्याहि घरची भाषा इंग्रजी नव्हती. पुढें याच भांडारकरांनीं इंग्रजीच्या द्वारें संस्कृत शिकविणारीं पुस्तकें लिहिलीं, आणि कित्येक पिढ्या त्यांवर तयार झाल्या. एक भाषा पक्की असली तर दुसरी तिच्या खांद्यावर उभी राहते. मुलाला ‘संदिग्ध’ या मराठी शब्दाचा अर्थच ठाऊक नसेल तर ‘इक्विव्होकल’ पाठ करून त्याच्या पदरीं काय पडणार?

नातीनें फॉर्म भरला व डिसेंबरांत परीक्षाहि दिली. निकाल काय लागला हें मुद्दामच लिहीत नाहीं. एका परीक्षेच्या निकालानें पद्धतीचें बरेंवाईट ठरवूं नये. एवढें मात्र सांगतों कीं परीक्षेच्या आधींच एके सकाळीं ती वृत्तपत्र घेऊन धांवत आली. “आजोबा, अबेयन्स सांपडला!” ज्या मालमत्तेचा धनी अद्यापि ठरावयाचा आहे तिच्याविषयीं इंग्रजी कायद्यांत हा शब्द वापरीत, आणि त्याचें जुनें फ्रेंच मूळ ‘तोंड वासून वाट पाहणें’ असें आहे, हें तिनेंच कोशांतून काढून आम्हांस शिकविलें.

दिवाळीनंतर आमचा तो जुना विद्यार्थी घरीं आला. त्याचें पनवेलींत दुकान आहे. बरें चाललें आहे. बरोबर मुलगा होता. त्यालाहि एन. डी. ए.ची परीक्षा द्यावयाची आहे. “सर, याला तुमचा तो शब्दकोश दाखवा,” तो म्हणाला. आम्हीं त्याला बसविलें, आणि मुलासमोरच सांगितलें कीं त्या वेळीं आम्हीं तुला चुकीची वाट दाखविली; मेहनत तुझी होती, चूक आमची. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “मग आतां याला बरोबर वाट दाखवा.” तो मुलगा हल्लीं दर रविवारीं आमच्याकडे येतो. पत्ते आमची नातच कापून देते.

ज्या घरांत कोणी मूल रात्रीं वही घेऊन घोकीत बसलें असेल, त्या घरच्या वडीलमंडळींस आमची एवढीच विनंति आहे: त्याला अर्थ विचारूं नका, वाक्य विचारा, आणि तें येत नसेल तर रागावण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं बसून एक परिच्छेद त्याच्याबरोबर वाचा. इतकें एका घरीं जरी झालें तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.